धर्मादाय निधी आणि प्रादेशिक गरज

मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ सालचे, तर टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालचे. या सर्व संस्था दात्यांच्या औदार्यातून जन्मास आल्या आणि आज राज्याच्या कानाकोपऱ्यांतील गोरगरीब रुग्ण त्यांच्याच दाराशी येऊन थांबतात. दात्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. परंतु या नावांकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहिले, म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. व्यापार व गिरण्या जेथे होत्या तेथे धन साठले, आणि धन जेथे साठले तेथेच दान स्थिरावले. ज्या काळात ही रुग्णालये उभी राहिली, त्या काळी सातपुड्यातील किंवा वैनगंगेपलीकडील आजारी माणसास भगताखेरीज दुसरा आधार नव्हता, आणि त्याची वार्ता मुंबईच्या पेढीवर पोचण्याचा मार्गही नव्हता.

दात्यास जी गरज दिसते तिला पैसा मिळतो, जी दिसत नाही ती तशीच राहते, हा प्रश्न त्या काळाबरोबर संपला असे मात्र नाही. उपेक्षित समाजघटकांसाठी उपलब्ध असलेल्या धर्मादाय निधीचा प्रादेशिक अग्रक्रम कसा ठरतो, कायद्याने त्याला कोणते वळण दिले आहे, आणि तो योग्य दिशेस वळविण्यासाठी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हाती काय आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शासकीय निधीला माप आहे

शासकीय खर्चाच्या बाबतीत प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न महाराष्ट्राने बराच पूर्वी हाती घेतला. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली आपला अहवाल दिला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादी क्षेत्रांत राज्याची सरासरी हे माप धरून जिल्हे त्या मापाच्या किती मागे आहेत, ते समितीने रुपयांत मांडले. ती एकूण रक्कम सुमारे ३,१८६ कोटी रुपये होती. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून विधिमंडळापासून गावच्या पारापर्यंत रूढ झाला. पुढे १९९४ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. समितीच्या मापाबद्दल मतभेद झाले, प्रदेशाऐवजी तालुका हा घटक धरावा असेही अनेकांनी सुचविले. तरीही एक माप होते आणि त्यावर वाद घालता येत होता, हे महत्त्वाचे.

याहूनही बोलके उदाहरण रोजगार हमी योजनेचे आहे. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर लावण्यात आला. कार्यालयांत व कारखान्यांत काम करणाऱ्या पगारदाराच्या वेतनातून कापलेली ही लहानशी रक्कम कोरडवाहू गावातील पाझर तलावाच्या किंवा रस्त्याच्या कामावरील मजुराच्या हाती पडू लागली. शहरातील पगारदाराने त्या मजुरास कधी पाहिले नव्हते आणि पाहण्याची आवश्यकताही नव्हती. संपन्न भागातून गरजू भागाकडे पैसा नेण्याचे जे काम दानबुद्धीवर सोडून झाले नसते, ते कायद्याने करून दाखविले.

धर्मादाय निधीस असे माप नाही. दान ऐच्छिक आहे आणि दात्याची निवड हा त्याचा हक्क आहे. तेव्हा त्यास सक्तीचे माप लावता येणार नाही, हे उघडच आहे. पण गरजेचे माप दात्यासमोर ठेवण्यास कोणतीच आडकाठी नाही.

‘स्थानिक क्षेत्रा’चा प्रश्न

अलीकडच्या काळात धर्मादाय कार्यास मिळणाऱ्या पैशाचा एक मोठा प्रवाह कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा, म्हणजे बोलीभाषेत ‘सीएसआर’चा आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने लगतच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. कोणती कामे चालतील याची यादी अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत आहे. भूक, दारिद्र्य व कुपोषण यांचे निर्मूलन त्या यादीच्या आरंभी असले, तरी तो क्रम अग्रक्रम नव्हे. वारसास्थळांचे जतन, क्रीडा प्रशिक्षण आणि कुपोषित बालकाचा आहार ही तिन्ही कामे कायद्याच्या दृष्टीने सारखीच ग्राह्य आहेत.

या कलमात आणखी एक वाक्य आहे. कंपनीने आपण जेथे काम करतो त्या स्थानिक क्षेत्रास व त्याच्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. तत्त्व म्हणून हे वाक्य न्याय्यच आहे. ज्या गावच्या जमिनीवर कारखाना उभा राहतो, धूर आणि सांडपाणी ज्या गावाच्या वाट्यास येते, त्या गावाचा पहिला हक्क कोण नाकारील? परंतु महाराष्ट्रातील उद्योग मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात एकवटलेले असल्याने या न्याय्य वाक्याचा परिणाम असा होतो की, निधीही त्याच पट्ट्यात घुटमळत राहतो. नंदुरबार जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. त्या वेळी राज्याचे प्रमाण ८२ टक्क्यांवर होते. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा दोन तृतीयांशांहून अधिक आहे. धडगाव किंवा अक्कलकुवा हे कोणत्या मोठ्या कारखान्याचे स्थानिक क्षेत्र म्हणावे?

एकाच जिल्ह्यातही हे अंतर पडते. पालघर जिल्ह्यात समुद्राच्या बाजूस तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि पूर्वेस डोंगरात जव्हार व मोखाडा हे तालुके आहेत. १९९२ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे साऱ्या राज्याचे लक्ष ज्या जव्हार तालुक्याकडे वेधले गेले, तो हाच. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जिल्हा लहान झाला, मुख्यालय जवळ आले. कारखान्याच्या कुंपणालगतच्या गावातील शाळेस मिळणारी मदत मात्र घाट चढून वर गेलीच पाहिजे, असे बंधन कोणावर नाही.

येथे एक गोष्ट अधिकाऱ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. स्थानिक क्षेत्रास प्राधान्य देण्याची तरतूद मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्र शासनाच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात केला आहे. स्थानिक गरज आणि राष्ट्रीय अग्रक्रम यांचा मेळ कंपन्यांनी घालावा, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशिम, गडचिरोली व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे चार जिल्हे आहेत. ‘आमचा कारखाना तुमच्या जिल्ह्यात नाही’ हे उत्तर म्हणूनच अंतिम मानण्याचे कारण नाही.

ज्यांना स्थानच नाही

सर्वांत कठीण प्रश्न अशा समाजघटकांचा आहे, ज्यांचे कोणतेच क्षेत्र वर्षभर स्थानिक नसते. बीड व त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, शेताच्या कडेला कोपी घालून पाच-सहा महिने राहतो आणि उन्हाळ्यात परततो. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर वृद्ध आजी-आजोबांच्या भरवशावर राहतात. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहे त्यांच्यासाठीच आहेत. या स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या प्रमाणामुळे २०१९ मध्ये राज्यात चिंतेचे वातावरण निर्माण झाले आणि श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

आता निधीच्या दृष्टीने या कुटुंबाकडे पाहावे. ज्या गावात ते मूळचे राहते तेथे उद्योग नाही. ज्या कारखान्यासाठी ते ऊस तोडते त्याच्या परिसरात ते मतदार नाही, रहिवासी नाही. तेथील ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्याचे नाव येत नाही. शिवाय राज्यातील अनेक साखर कारखाने सहकारी संस्था म्हणून नोंदलेले आहेत, कंपनी म्हणून नव्हेत. त्यामुळे कलम १३५ त्यांना लागूच होत नाही. या पोकळीचा विचार करूनच शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आणि संत भगवानबाबा यांच्या नावे वसतिगृह योजना आखली. ऐच्छिक निधीने मात्र या वर्गाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. कोपीच्या तळावर फिरते आरोग्यपथक जावे, गाळप हंगामात चालणाऱ्या वर्गाला शिक्षक मिळावा, ही कामे फार खर्चाची नाहीत. पण त्यांना इमारत नसते, आणि इमारत नसली म्हणजे दात्याचे नाव कोरावयास भिंतही नसते.

विमुक्त व भटक्या जमातींची स्थिती याहून बिकट म्हणावी लागेल. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेले हे समाज ऑगस्ट १९५२ मध्ये त्या कलंकातून कायद्याने मुक्त झाले. राज्याच्या यादीत १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती आहेत. ज्याच्यापाशी जातीचा दाखला नाही, शिधापत्रिका नाही आणि जन्माची नोंदही नाही, त्याला शिष्यवृत्ती देण्याआधी दाखला मिळवून देणारा कार्यकर्ता लागतो. त्या कार्यकर्त्याच्या मानधनाचा खर्च ‘शैक्षणिक साहाय्य’ या मथळ्याखाली बसत नाही म्हणून नाकारला जातो, आणि शिष्यवृत्तीची रक्कम शिल्लक पडते.

वस्तू मिळते, चालविणारा मिळत नाही

हा अनुभव केवळ भटक्यांपुरता नाही. शाळांना संगणक मिळतात, जलशुद्धीकरण यंत्रे मिळतात, रुग्णवाहिका मिळतात. वर्षाने गाळणी बदलावयास पैसे नसतात, विजेचे देयक थकते, चालकाचे वेतन कोणी द्यावे याचा निर्णय होत नाही. दानाचा आनंद वस्तू देण्यात असतो हे मानवी स्वभावास धरूनच आहे. पण उपेक्षित भागाची उणीव बहुधा आवर्ती खर्चाची, म्हणजे माणसांची असते. परिचारिका, वसतिगृहाची अधीक्षिका, स्वयंपाकीण, दुभाष्या. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाच्या पहिलीच्या वर्गात त्याची बोली जाणणारी एक तरुणी मदतनीस म्हणून असणे हे दहा संगणकांहून अधिक मोलाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संकटकाळची गोष्ट निराळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांकडे देशभरातून मदतीचा ओघ लागला. अनेक संस्थांनी गावे दत्तक घेतली. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या वेळी शासनाने दाते व गावे यांची सांगड घालण्याचे काम हाती घेतले नसते, तर ज्या गावाचे नाव वृत्तपत्रांत रोज येत होते तेथेच सारी मदत जमा झाली असती. एका रात्रीत कोसळणारे घर सर्वांना दिसते. मेळघाटातील बालक महिन्या-महिन्याने खंगत जाते, ते दिसण्यासाठी कोणीतरी वजनाची नोंद ठेवून ती समोर ठेवावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने नेमके हेच केले. गावातील नवजात बालकांच्या मृत्यूंची काटेकोर मोजदाद आधी झाली, गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बालसेवेची पद्धत नंतर बसविण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर साऱ्या देशाने तिची दखल घेतली.

याच जिल्ह्यात हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प कार्य करीत आहे. अशा संस्था जेथे आहेत तेथे दात्यांचा पैसा विश्वासाने जातो. जेथे त्या नाहीत तेथे तो जाऊ इच्छीत असला तरी उतरावयास जागा मिळत नाही. सीएसआरचा निधी स्वीकारू पाहणाऱ्या खाजगी विश्वस्त संस्थेस आयकर अधिनियमाखालील नोंदणी, केंद्र शासनाकडील नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. पैशाच्या सुरक्षिततेसाठी या अटी योग्यच आहेत, पण दुर्गम तालुक्यातील नवी, लहान संस्था त्यामुळे दाराबाहेर राहते. संसदेच्या किंवा राज्य विधानमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांना आणि शासनाने स्थापन केलेल्या न्यासांना अनुभवाची अट नाही. ही वाट जिल्हा प्रशासनाने अधिक वापरावयास हवी.

राखीव खाट आणि जुने न्यास

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील पत्रिका हा पुरावा चालतो. तातडीच्या रुग्णास अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावयाचे असते. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत, परंतु मोठी व विशेष उपचारांची रुग्णालये प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. खाट राखीव असली तरी ती आपल्या जागी स्थिर असते. रुग्णासच तिच्याकडे जावे लागते. प्रवासखर्च, सोबतच्या नातेवाइकाचा मुक्काम, बुडालेली मजुरी यांची तरतूद या योजनेत नाही. एखाद्या तालुक्यातील दात्यांनी केवळ एवढाच भार उचलला तरी शहरातील मोठा निधी खऱ्या अर्थाने त्या तालुक्याच्या उपयोगी पडेल.

जुन्या न्यासांकडेही लक्ष वेधणे अगत्याचे आहे. कोणा काळी यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा आज ओस पडलेली असते, किंवा एखाद्या आजारासाठी ठेवलेल्या निधीस आज रुग्ण उरलेले नसतात. मूळ हेतू असाध्य झाला असेल अथवा उत्पन्न शिल्लक पडत असेल, तर ते मूळ हेतूस शक्य तितक्या जवळच्या अन्य सार्वजनिक कार्यास लावण्याची वाट अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये ठेवलेली आहे. विश्वस्तांना या मार्गाची भीती वाटते, कारण त्यात कार्यालयांच्या व न्यायालयाच्या पायऱ्या येतात. ही भीती अगदीच निराधार आहे असे नाही. तथापि पडून राहिलेल्या निधीमुळे दात्याच्या स्मृतीचा मान राखला जातो, असेही म्हणता येणार नाही.

गरज लिहून काढणे

आता गावाच्या बाजूने पाहू. ग्रामपंचायतीस आपल्या उत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. या रकमा लहान असल्या तरी बाहेरचा दाता त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट ताडतो: गावाने आपल्या सर्वांत दुर्बल कुटुंबांसाठी स्वतः काय केले? ही रक्कम समाजमंदिराच्या रंगरंगोटीत संपत असेल, तर बाहेरच्या मदतीची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार काहीसा उणा पडतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, ते कोणा एका धनिकाच्या बळावर नव्हे. गावोगावच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर ती मुले जेवली. मोठ्या देणग्या पुढे आल्या. ज्या कामास गावाचा हात लागला आहे त्यास दूरच्या दात्याचाही हात लागतो, हा अनुभव आजही येतो.

बाहेरचा दाता प्रथम विचारतो ते आकडे. ‘आमच्या गावात पाण्याची टंचाई आहे’ या वाक्याने काही साधत नाही. कातकरी वस्तीत कुटुंबे किती, पाणी किती अंतरावरून आणावे लागते, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, शासनाची कोणती योजना मंजूर आहे व ती कोठे अडली आहे, आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार, हे एका पानात लिहिता आले पाहिजे. असे पान लिहिण्यास गावात शिक्षकाइतका योग्य माणूस क्वचितच मिळतो. शाळेत न येणाऱ्या मुलाच्या घरापर्यंत तोच गेलेला असतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ते पान वाचून दाखवावे, म्हणजे त्यात अतिशयोक्ती राहणार नाही. ग्रामसेवकाने ते ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याशी ताडून पाहावे, जेणेकरून शासन जे करणारच आहे त्यासाठी दात्याचा पैसा मागितला जाणार नाही. गटविकास अधिकाऱ्याने तालुक्यातील अशी सर्व पाने एकत्र करून त्यांचा क्रम लावावा. हा क्रम लावताना सडकेपासूनचे अंतर, सदस्याचे वजन किंवा आधी आलेला अर्ज हे निकष नसावेत. वंचित कुटुंबांची संख्या आणि त्यांना आजवर मिळालेली मदत एवढ्या दोन गोष्टी समोर ठेवल्या तरी क्रम बराचसा आपोआप लागतो. ज्या वस्तीची मागणीच आलेली नाही, तिच्याकडे अधिकाऱ्याने स्वतः जाऊन पाहावे. मागणी न येणे हेच पुष्कळदा तेथील दैन्याचे लक्षण असते.

वेळेचेही भान हवे. कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होते आणि वर्षाची कामे संचालक मंडळापुढे त्याच सुमारास ठेवली जातात. मार्चअखेर धावपळीने केलेली मागणी बहुधा तयार वस्तूंच्या खरेदीत संपते. तेव्हा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वस्तीनिहाय गरजांचे वाचन व्हावे, फेब्रुवारीत तालुक्याची यादी तयार व्हावी आणि जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत ती मार्च उजाडण्यापूर्वी कंपन्यांकडे व न्यासांकडे पोचावी. पूर्वीच्या वर्षी मिळालेल्या मदतीचे काय झाले, कोणते यंत्र चालू आहे व कोणते बंद आहे, याची नोंदही त्याच यादीस जोडावी.